अठरावी खाट

दादर, १२ ऑगस्ट २०२५

मालन,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. दीपकच्या फोनवरूनही लावून पाहिला. तोही उचलला नाहीस, म्हणजे मी त्याच्या शेजारीच उभी आहे हे तुला मसुऱ्यात बसून दिसलं! महिना झाला तुला माहेरी जाऊन. भावाच्या घरी पोस्टमन येत असेलच.

हे पत्र कामाचं आहे. मिटिंगमधल्या प्रकाराबद्दल यात एक अक्षर नाही, तेव्हा फाडू नकोस.

अगं, अ‍ॅप सुरू झालं! काल सकाळी साडेदहाला पहिली मागणी आली आणि मी खुर्चीतून अशी उठले की चष्मा चहात पडला. उन्मेषने त्याचं नाव 'सोबत' ठेवलंय. (तुझं बाळ. चाळीस वर्षांच्या माझ्या मुलाला बाळ म्हणणारी तूच एक.) गिरगावातल्या एका बाईंना वॉकर हवा होता. अकरा वर्षं आपल्या रुग्णसाहित्य केंद्रात काय चालायचं, आठव. त्यांच्या मुलाने रजा टाकून लालबागला यायचं, आपल्या बाकावर ताटकळायचं, मी नाव-पत्ता विचारायचा, तू वहीत लिहायचं, मग आत जाऊन वॉकर शोधायचा, आणि दीपकचा टेम्पो नेमका त्याच दिवशी वरळीला गेलेला असायचा. काल त्या बाईंनी घरात बसून मोबाइलवर मागणी टाकली, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. आणि अ‍ॅपने मला सांगितलं की त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका घरचा वॉकर परत यायचा आहे! दीपकने तिकडचा उचलला, पुसला, इकडे नेऊन दिला. चाळीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसले होते. इतकी वर्षं आपण गिरगावचा वॉकर लालबागला आणून पुन्हा गिरगावला पाठवत होतो, मालन! आपल्याला कुणी वेड्यांच्या इस्पितळात कसं घातलं नाही?

आता ज्यासाठी लिहितेय ते. प्रत्येक वस्तूची अ‍ॅपमध्ये एकदा नोंद करायची आहे. तुझ्या वहीप्रमाणे आपण हॉस्पिटलच्या खाटा घेतल्या अठरा. त्यातली नऊ नंबरची मी भंगारात काढायला सांगितली होती, तिच्याबद्दल मला बोलायचं नाही. राहिल्या सतरा. मोजल्या तर अठरा भरतात. कमी भरल्या असत्या तर समजू शकले असते, जास्त कशा भरतात? आणि नंबर तर चोवीसपर्यंत गेलेत! सहा नंबरची व्हीलचेअर गायब आहे, आणि एकतीस नंबरची दारात उभी आहे, जी आपण कधी घेतलीच नाही. अ‍ॅप अशा प्रत्येक ठिकाणी लाल खूण दाखवतं. दसऱ्याला साहित्याची पूजा करू तेव्हा मला एकही लाल खूण नको आहे. हे कोडं तुझ्याशिवाय कुणाला सुटणार नाही, तर दसऱ्याच्या आत ये किंवा कळव. आलीस तर बरं.

तुझ्या चाव्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, तशाच, त्या लाल गोंड्यासकट.

मृणालिनी


लालबाग, ३० ऑगस्ट २०२५

मालन,

उत्तर नाही. ठीक आहे. पण आज जे घडलं ते तुला सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल.

गणपतीतलं आपलं लालबाग तुला मी काय सांगणार! रस्ते बंद, बांबू ठोकलेले, माणसावर माणूस. केंद्र उघडायला मी दादरहून चालत आले, दीड तास लागला. पोचते तोच परळच्या आनंदीबाईंच्या सुनेची मागणी आली. आनंदीबाई आठवतात ना, दर शनिवारी डायलिसिसला जातात त्या. त्यांच्या व्हीलचेअरचं पुढचं चाक निखळलं आणि अकराची वेळ दिलेली. दीपक टेम्पो घेऊन निघाला तर पोलिसांनी पहिल्याच नाक्यावर अडवला. सून फोनवर रडायला लागली. मी मोबाइलवर नकाशा उघडला, आणि मालन, त्यांच्याच गल्लीत, चार इमारती सोडून, एक हिरवा ठिपका! एका आजोबांकडे आपली व्हीलचेअर होती. ते बरे होऊन महिना झाला, पण परत द्यायला जीव होत नव्हता म्हणून गॅलरीत ठेवून रोज तिच्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "हो हो, देतो की, आता पेपर झालाच वाचून."

तिथल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी खुर्ची आणली, आनंदीबाईंना बसवलं आणि "बाजूला व्हा, आजी येतायत" असं ओरडत गर्दीतून वाट काढली. सून सांगत होती, लोकांना वाटलं कुणी मोठी पाहुणी दर्शनाला आलीय, दोघांनी तर आनंदीबाईंना नमस्कारसुद्धा केला. अकराला पाच कमी असताना त्या वॉर्डात होत्या! इकडे केंद्रात मी एकटीच टाळ्या वाजवत होते. शेजारी टाळी द्यायला कुणी नव्हतं.

एक गंमत झाली. खुर्चीत बसण्याआधी आनंदीबाईंनी अट घातली. दीपक चालत तिथवर पोचला होता, त्याला म्हणाल्या, "आधी सांग, खुर्ची कुनाच्या घरची? बरा झाला ना तो मानूस?" दीपक म्हणाला, "ठणठणीत आजी, तो बघा वर गॅलरीत उभा हाय." मग बसल्या. मी हसले. पण मग आठवलं की आपल्याकडे येणारा प्रत्येक जण हे विचारायचा आणि उत्तर नेहमी तू द्यायचीस. मी कधी ऐकायलाही थांबले नाही, माझा पुढचा फोन वाजत असायचा.

मिटिंगबद्दल लिहिणार नव्हते. एवढंच म्हणते की त्या दिवशी माझा आवाज जरा चढला.

मृणालिनी

ता. क. जरा नाही, बराच चढला.


दादर, १७ सप्टेंबर २०२५

मालन,

आज मी सगळं लिहिणार आहे. तू फाड किंवा ठेव.

अ‍ॅपसाठी प्रत्येक वस्तूवर तो चौकोनी काळ्या ठिपक्यांचा स्टिकर लावायचा असतो. मोबाइल समोर धरला की ती वस्तू कुठली, कुणाकडे, परत कधी, सगळं दिसतं. दीपक अडून बसला की पितृपक्षात नवीन काही चिकटवायचं नाही. उन्मेषने त्याला अर्धा तास समजावलं की वस्तू जुनीच आहे, फक्त कागद नवा. शेवटी कसाबसा तयार झाला, तर स्टिकर चिकटेना! तुझा तो ऑइलपेंट, त्यावर काही टिकत नाही. म्हणून मी म्हटलं, पॉलिशपेपरने थोडं घासून घेऊ.

पहिलीच एकतीस नंबरची व्हीलचेअर घेतली. चार हात मारले आणि निळ्या रंगाखालून पांढरा सहा वर आला.

मी दीपककडे पाहिलं. तो छताकडे बघायला लागला. "दीपक, हे काय आहे?"

"काकू, मावशीनं शपथ घातलीय."

"मावशी इथे नाहीये. मी आहे."

"म्हनूनच तर भीती वाटते," म्हणाला. पण मग बोलला बिचारा. एखाद्या घरी माणूस गेला की ती खुर्ची, ती खाट चाळीत लोकांच्या तोंडी होते. सहा नंबरवर अमके गेले, सहा नंबर नको. त्यांना सांगून काही उपयोग नाही, आजारी माणसाच्या घरचं मन ते. एका घराने तशी खुर्ची दारातून परत पाठवली होती आणि त्यांच्या म्हाताऱ्याने आठ दिवस जमिनीवर बसून काढले. तेव्हापासून तू असं काही झालं की वस्तू धुऊन-पुसून, रंग देऊन, नवा नंबर घालायचीस, आणि वहीतही पुढचा नंबर टाकून नव्याने सुरुवात करायचीस. "मावशी म्हनायची, खुर्चीचा काय दोष? तिला पन दुसरा जन्म मिळायला नको?"

मालन, मी तिथेच त्या खुर्चीत बसले.

मी तुला काय म्हणाले होते ते आता लिहिते, कारण आत्तापर्यंतच्या दोन्ही पत्रांत लपवलं. सगळ्या कार्यकर्त्यांसमोर, उन्मेषच्या त्या मोठ्या पडद्यावर अ‍ॅपच्या चाचणीत लाल खुणा झळकत असताना, मी म्हणाले, "तुझी वही खोटी आहे. अकरा वर्षं तू खोटं लिहिलंस." बँकेत पस्तीस वर्षं आकडे जुळवले ना मी, त्याचा माज! तू एक शब्द बोलली नाहीस. चाव्या टेबलावर ठेवल्यास आणि चपला घातल्यास. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहे.

आणि आता ऐक, यातली सगळ्यात भारी गोष्ट! त्या स्टिकरवर नंबरच नसतो. ठिपके फक्त आपल्या मोबाइलला वाचता येतात. चाळीतल्या कुणालाही कळणार नाही की ही सहा नंबर की सोळा नंबर. जे तू इतकी वर्षं ब्रश घेऊन करत होतीस ते आता अ‍ॅप करणार, कायमचं! मी उन्मेषला फोनवर हे सांगताना इतकी ओरडत होते की त्याच्या ऑफिसातल्या शेजाऱ्याने विचारलं, लॉटरी लागली का. दुसरं म्हणजे, वस्तू परत घेताना अ‍ॅप विचारायचं, 'रुग्ण बरा की निधन', आणि ते पुढच्या घराला दिसायचं. तो रकाना मी काढायला लावला. उन्मेष म्हणाला, "आई, माहिती कामाची असते." मी म्हटलं, मालनला विचार कशाच्या कामाची असते ते. त्याने काढला.

खाटांची पाळी पुढच्या आठवड्यात. अठराव्या खाटेबद्दल मी दीपकला अजून विचारलेलं नाही. तो माझ्याशी बोलताना दुसरीकडेच बघतो.

मृणालिनी


दादर, २४ सप्टेंबर २०२५

मालन, माझे बाई,

बोललीस तर मला कळेल, हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू गप्प बसलीस ना?

सतरा खाटा दीपकने केल्या. राहिली तेवीस नंबरची, वरळीला बीडीडी चाळीत दिलेली. पूर्वी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी, जिन्यावरून पडून कण्याला मार लागलेला, चार महिने पडून. दीपक म्हणाला, "तिथला स्टिकर मी एकटाच लावून येतो काकू." इतक्या घाईने म्हणाला की मी चपला घालून टेम्पोत जाऊन बसले.

खाट हिरवी. मी आठ वर्षांत हॉस्पिटलच्या खाटेच्या इतक्या जवळ गेले नव्हते. केंद्रातल्या मागच्या खोलीत मी कधी पाय ठेवत नाही आणि खाटा नेहमी तूच बघतेस, याबद्दल तू मला एकदाही काही विचारलं नाहीस. पूर्वीला खुर्चीवर बसवलं होतं. मी वाकून पायाकडच्या पट्टीवर पॉलिशपेपर घासायला लागले. तेवीसच्या खाली एकोणीस आला. हात थांबत नव्हता. एकोणीसच्या खाली, त्या जुन्या मोतिया रंगावर, नऊ.

मी उजवीकडच्या कठड्यावरून हात फिरवला. खळगा तिथेच होता. रंगाचे दोन थर देऊनही बुजला नाही. रमाकांत तिथे लग्नातली अंगठी वाजवून हाक मारायचे ना? आवाज गेल्यावर शेवटचे तीन महिने, टक टक, आणि आपण दोघी स्वयंपाकघरातून धावायचो. ते गेले त्या दिवशी मी तुला म्हणाले होते, ही खाट मला जगात कुठे असायला नको, आजच्या आज भंगारात दे. तू "हो ताई" म्हणालीस आणि वहीत तसं लिहिलंस.

इतक्यात पूर्वीची आई चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मला आधीच दिसला. "बाई, खाट चांगल्या घरची हाय ना?"

दीपकने तोंड उघडलं, पण मीच बोलले. "हो. माझ्या घरची आहे."

तिला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मग ती पूर्वीला म्हणाली, "दाखव गं बाईंना." आणि ती पोर कठड्याला धरून उठली, नेमकी त्या खळग्यावर हात ठेवून, आणि चार पावलं चालली! कठडा सोडून, मालन! चौथ्या पावलाला ती हसायला लागली आणि मी रडायला. तिच्या आईला वाटलं, ह्या बाई फार हळव्या आहेत. दीपक जिन्यात जाऊन नाक पुसत होता.

घरी येऊन उन्मेषला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला. मग त्याने तुझ्या वहीतला एकोणीस आणि तेवीसचा सगळा हिशोब अ‍ॅपमध्ये एका खाली एक लावला. त्याच्या बाबांनंतर त्या खाटेची पंधरा घरं झाली. एक माणूस गेला, तेव्हा तू तिला तेवीस केलंस. तेरा जण तिच्यावरून उठून आपल्या पायांनी चालत गेले. पंधरावी ही पूर्वी. यातल्या निम्म्या घरांचे फोन मी स्वतः घेतले होते, स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते, "खाट पाठवते, काळजी करू नका." कुणाची खाट पाठवतेय हे मला माहीत नव्हतं. मी ती भंगारात घातली असती तर?

आणि मी तुला खोटी म्हणाले. तू फक्त एवढं म्हणाली असतीस की ताई, अठरावी खाट तुमचीच आहे, आणि सगळे माझ्याकडे वळले असते. तू मला चारचौघांत तसं उघडं पाडण्यापेक्षा स्वतः खोटी ठरून निघून गेलीस.

माफ कर मला. कामाचं निमित्त नको आता, लाल खुणा सगळ्या गेल्या, अ‍ॅपला तुझी गरज उरली नाही. मला आहे. दसऱ्याला ये.

तुझी,
मृणाल


मसुरे, २८ सप्टेंबर २०२५

मृणालताई,

नमस्कार. सगळी पत्रं पोचली. पहिलं फाडलं होतं, दुसरं आल्यावर चिकटवलं. आनंदीबाईंचं वाचून हसू आलं, वहिनीने विचारलं काय झालं तर सांगता येईना.

मी लिहायला बसत नाही हे तुम्हाला माहीत आहे. वही तेवढी लिहिली अकरा वर्षं, ती पण खोटी. ते तुम्ही बरोबर बोललात, त्याचा मला राग नाही. राग याचा आला की मला खोटं लिहायला शिकवलं कोणी, ते त्या दिवशी तोंडावर येऊन पण बोलता येईना. आता तुम्ही खाट बघितलीत तर सांगते.

रमाकांतभाऊंचा आवाज जायच्या आधीची गोष्ट. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. मी त्यांना कुशीवर वळवत होते. मला म्हणाले, मालन, मी गेलो की मृणाल ही खाट भंगारात काढायला लावेल. काढू नको. चांगली मजबूत खाट आहे, अजून दहा माणसं उठतील हिच्यावरून. मी म्हटलं, भाऊ, ताईंना लगेच कळेल, त्यांना सगळे नंबर पाठ. तर तसल्या दुखण्यात पण हसले. म्हणाले, तेच तर सांगतो. ती माणसावर संशय घेईल पण आकड्यावर घेणार नाही. रंग बदल, आकडा बदल, तिला आयुष्यात कळायचं नाही. मी विचारलं कुठला आकडा घालू. म्हणाले, अठरापर्यंत आहेत ना, मग एकोणीस घाल, त्यात काय विचारतेस.

एकोणीस घातला. पुढे ती खुर्ची दारातून परत आली तेव्हा वाटलं, या खाटेला चालतं तर बाकीच्यांना का नको. तिथून ती सवय लागली. म्हणजे तुमच्याच घरातून शिकले.

तुम्हाला आठ वर्षं सांगितलं नाही त्याची मला पण माफी पाहिजे. दोघी फिटंफाट.

दसऱ्याच्या सकाळी पोचते. झेंडू तुम्ही घेऊ नका, तुम्हाला शिळा देतात, मी दादरला उतरून बघून घेईन. चाव्या ड्रॉवरमधून काढून ठेवा. बाळाला सांगा मला ते अ‍ॅप शिकव, पण सावकाश. नऊवर परत रंग देऊ नका, स्टिकर बाजूला लावा.

भाऊंनी दहा माणसं म्हटली होती, पूर्वीला धरून चौदा झाली. पूजेच्या वेळी तेवढं त्यांना सांगा. तुम्हीच सांगा, आकडा तुमच्या तोंडून ऐकला की त्यांना खरा वाटेल.

मालन